भकभकीचा मनफोल

धरणगावात तोताराम मिस्तरी कुठं भेटेल असं विचारलं की लहानथोर सगळे कापसाची सरकी काढायच्या जिनाकडं बोट दाखवायचे. कापसाचा हंगाम असो नसो, त्या इंजिनघरात तो सापडायचाच. ठेंगणा, काटक माणूस. डोक्यावरची टोपी मुळात पांढरी होती असं त्याची बायको इंदिराबाई सांगायची, आणि ऐकणारे मान डोलावून दुसरीकडं बघायचे.

जन्म पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातला. घरची शेती होती, पण याचं मन बैलात नव्हतं, चाकात होतं. सोळाव्या वर्षी भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपात चिकटला आणि चौदा वर्षं तिथं कानस चालवत राहिला. पुढं धरणगावच्या जिनात आला तो कायमचा. पण बोलण्यातून भुसावळ काही सुटलं नाही. कुठलंही काम निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आमच्या वर्कशॉपात..." पुढचं वाक्य लोकांनाच पाठ झालं होतं. कामात मात्र कुणी त्याला नाव ठेवलं नव्हतं. जिनाचं इंजिन, पिठाच्या गिरण्या, उसाचे चरक, तालुक्यात जे जे फिरतं ते ते त्याच्या हाताखालून गेलेलं. त्यामुळं आपलं चुकत नाही असं त्याला वाटू लागलं होतं, आणि ते खोटं आहे असं सांगायची वेळ कुणावर आली नव्हती.

१९४३ सालची दिवाळी झाली आणि चार दिवसांत झुंबरबाई त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

झुंबरबाई म्हणजे तापीकाठच्या निमखेड्याची. तिथून पल्याडच्या सातवडला जी मोटारनाव चालायची, ती तिची. तिच्या नवऱ्यानं फार वर्षांपूर्वी ती सुरतेहून आणली होती. रेल्वेच्या उघड्या डब्यातून धरणगावपर्यंत आणि तिथून सहा बैलगाड्या जोडून नदीपर्यंत. नवरा वारला तेव्हा बाई आता नाव विकून टाकणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. बाईनं विकली नाही. स्वतः घाटावर बसायला लागली. तिनं अल्याडून हाक मारली की पल्याडची माणसं चपला घालायची, असा आवाज. नावेला कागदावर काहीतरी देवाचं नाव होतं, पण चालताना ती ज्या आवाजात धूर सोडायची त्यावरून दोन्ही काठांनी तिला भकभकी म्हणायचं ठरवलं होतं.

"मिस्तरी, भकभकी बंद पडनी," झुंबरबाई ओसरीवर बसत म्हणाली. "तुम्ही चाला."

तिच्यासोबत नाव हाकणारा वना होता. त्यानं सांगितलं ते असं. आधी महिनाभर धूर मागं जायच्या ऐवजी बसणाऱ्यांच्या तोंडावर यायला लागला. मग इंजिनात पाणी शिरलं. आता हँडल फिरवायला गेलं तर फिरतही नाही.

"अक्का, मी जमिनीवरची इंजिनं बघतो," तोताराम म्हणाला. "नावेचं काम माझं नाही."

"इंजिनले काय माहीत, ते जिनमां शे का पानीमां?"

तेवढ्यात आतून इंदिराबाई चहा घेऊन आली आणि तिनं उरलासुरला प्रश्न निकालात काढला. तिच्या भाच्याचं, कौतिकचं, लग्न मार्गशीर्षात सातवडला ठरलं होतं. साठ माणसांचं वऱ्हाड आणि वर वाजंत्री. भकभकी नसली तर वल्ह्याच्या होडीतून दहा दहा माणसं न्यायची म्हणजे मुहूर्त गाठायला आदल्या दिवशीच निघावं लागलं असतं.

"जाशात ना?" तिनं नवऱ्याला विचारलं. तो प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी तोताराम सायकलवर हत्यारांची पेटी बांधून निमखेड्याच्या घाटावर पोचला. भकभकी पाण्यात डुलत होती. वना नावेत चढला आणि हात पुढं करून म्हणाला, "या मिस्तरी." मिस्तरी काठावरच. त्यानं सायकल नीट लावली, पेटी उघडली, परत बंद केली, आकाशाकडं पाहिलं. मग म्हणाला, "नाव वाळूवर ओढून घ्या. आमच्या वर्कशॉपात डुलत्या इंजिनाला हात लावत नाहीत."

वनानं दहा माणसं गोळा करून नाव ओढली. समजायचं ते तो समजला. एवढा तापीकाठचा तालुका, पण मिस्तरी उभ्या आयुष्यात नदी ओलांडून गेला होता तो फक्त भुसावळच्या पुलावरून, आगगाडीत बसून, तोही खिडकीकडं पाठ करून.

दुखणं मनफोलचं निघालं. इंजिनाच्या चार नळकांड्यांतून जो जळका धूर निघतो तो एकत्र करून बाहेर नेणारी ही बिडाची जाड नळी. साहेबाच्या भाषेत तिचं नाव लांबलचक होतं, मिस्तरी लोकांनी ते चावून चावून मनफोल केलं होतं. नावेच्या मनफोलला दोन भिंती असतात. आतून धूर जातो, आणि तो तापू नये म्हणून दोन भिंतींच्या मधून नदीचं पाणी खेळवतात. इतकी वर्षं तापीचा गाळ आणि गंज मिळून आतल्या भिंतीला खात होते. गंजलेले नट सुटेनात म्हणून तोतारामनं तीन दिवस त्यांना रॉकेल पाजलं. तरी एक मोडलाच, तो बारीक भोक पाडून काढावा लागला. मनफोल सुटा झाल्यावर त्यानं आतल्या भिंतीला रॉकेल फासलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. थोड्या वेळानं पांढऱ्या खडूवर एक ओली रेघ उमटली, नागमोडी, वीतभर लांब.

"तडा," तो म्हणाला. "आणि भिंत भाकरीच्या पापुद्र्याएवढी राहिलीय. हे सांधून भागायचं नाही. नवा पाहिजे."

नवा मुंबईला मिळायचा, पण लढाई चालू होती. तिथल्या दुकानदाराचं पत्र आलं की विलायतेहून माल बंद आहे, लढाई संपल्यावर कळवू. झुंबरबाईनं ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "लढाई सरेपर्यंत का नवरदेवले काठवर बसाडी ठेवाना?"

म्हणून मनफोल इथंच ओतायचा ठरला.

धरणगावच्या पितांबर सुताराकडून तोतारामनं सागाचा साचा, म्हणजे वाळूत दाबून ठसा घ्यायचा नमुना, करून घेतला. जुन्या मनफोलवर पट्टी ठेवून त्यानं इंच न् सूत मोजलं आणि पितांबरला बजावलं, "केसाएवढा फरक नको." पितांबरनं केसाएवढाही फरक केला नाही. तो साचा कापडात गुंडाळून तोताराम गाडीनं जळगावला गेला, जीवरामच्या ओतकामाच्या कारखान्यात.

जीवराम चरकाचे लाट, म्हणजे ऊस पिळणारे रूळ, आणि मोटेची चाकं ओतायचा. कमी बोलणारा माणूस. त्यानं साचा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि विचारलं, "मिस्तरी, आटणं धरलंय ना यात?"

"चौदा वर्षं भुसावळच्या वर्कशॉपात काढलीत मी," तोताराम म्हणाला.

जीवरामनं काय विचारलं आणि याचं उत्तर काय, याचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण जीवरामनं साचा ठेवून घेतला आणि मनफोल ओतून दिला.

तो ओतीव तुकडा घेऊन तोताराम घाटावर गेला आणि त्यानं तो इंजिनाला लावून पाहिला. मधली दोन तोंडं जुळत होती, कडेची दोन जुळत नव्हती. वीस इंचाच्या लांबीत मनफोल दीड सूत, म्हणजे पाव इंचाला जरा कमी, आखूड होता. झुंबरबाई बघत होती, वना बघत होता, पाणी भरायला आलेल्या चार बायका बघत होत्या. तोताराम तसाच उलट पावली जळगावला गेला आणि कारखान्याच्या दारातूनच त्यानं तोंड सोडलं. कामगारांसमोर, गिऱ्हाइकांसमोर. ओतकाम म्हणजे चरकाचे लाट नव्हेत, इंजिनाचं काम करायला अक्कल लागते, असलं बरंच काही.

जीवरामनं ऐकून घेतलं. मग आत जाऊन सागाचा साचा आणला आणि त्या आखूड मनफोलशेजारी ठेवला.

तोताराम त्या दोन्हींकडं पाहत राहिला. तापलेलं बीड थंड होताना आकसतं. साचा तेवढ्यानं मोठा करावा लागतो. हे भुसावळच्या वर्कशॉपात शेजारच्याच शेडमध्ये रोज चालायचं. पण त्या शेडमध्ये तो कधी डोकावला नव्हता, कारण तो फिटर होता आणि ओतकामवाले त्याला हलके वाटायचे. आटणं धरलंय का, एवढंच या माणसानं विचारलं होतं.

त्याचे कान गरम झाले. भर कारखान्यात बोलून बसला होता, तेव्हा कोपऱ्यात नेऊन माफी मागून चालणार नव्हतं. त्यानं टोपी काढली.

"जीवरामभाऊ," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चूक माझी आहे. तुम्ही विचारलं होतं, मी शहाणपणा केला. मघाशी जे बोललो ते माझ्याच अकलेबद्दल समजा."

जीवराम जरा गोंधळला. असं काही ऐकायची त्यालाही सवय नव्हती.

"बसा मिस्तरी," तो म्हणाला. "चहा घ्या. साचा मी वाढवून घेतो."

दुसऱ्या खेपेला मनफोल मापात उतरला. जीवरामनं तो सोडला मात्र नाही. सगळ्या तोंडांना लाकडी बुचं मारून त्यानं दोन भिंतींच्या मधे पाणी भरलं आणि दिवसभर ठेवून दिलं. संध्याकाळी एका बाजूला घाम फुटल्यासारखे बारीक थेंब दिसले. तोतारामचा चेहरा पडला. जीवरामनं पाणी ओतून दिलं आणि त्या जागी नवसागराचं पाणी भरलं.

"बिडात सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात," तो म्हणाला. "नवसागरानं आतून गंज धरतो आणि तीच भोकं बुजतात. गंजसुद्धा कामाला येतो, मिस्तरी, आपण लावला तर."

दोन दिवसांनी थेंब बंद झाले. एक्कावन्नाव्या वर्षी तोताराम मिस्तरी नवीन गोष्ट शिकला आणि ती त्यानं वाटेत भेटेल त्याला सांगितली, जीवरामचं नाव घेऊन.

आता राहिलं होतं ते त्याचं स्वतःचं काम. मनफोल इंजिनाला जिथं चिकटतो ती तोंडं आरशासारखी सपाट पाहिजेत, नाहीतर धूर फटीतून बाहेर येतो. जिनाच्या कचेरीतल्या टेबलावरची जाड काच त्यानं मागून आणली. तिच्यावर तेलात कालवलेली काजळी फासायची, मनफोल उपडा घालून घासायचा, उचलून बघायचा. जिथं काळं लागलं तो उंचवटा. तेवढाच खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा घासणं. तीन दिवस त्यानं घाटावरच्या निंबाखाली हेच केलं. झुंबरबाई मधूनमधून येऊन विचारायची, "व्हयनं का?" आणि तो मान न उचलता म्हणायचा, "होतंय." तिसऱ्या दिवशी दुपारी चारी तोंडांवर काळा रंग सारखा उमटला. वनानं बोट फिरवून पाहिलं आणि शीळ घातली.

मग पॅकिंगची पंचाईत आली. दोन लोखंडांच्या मधे काहीतरी मऊ आणि आगीला न जळणारं घालावं लागतं. आस्बेस्टॉस जळगावात नव्हतं, भुसावळच्या बाजारात नव्हतं, जिनातला शेवटचा तुकडा उन्हाळ्यातच संपला होता. लढाईनं तेही गिळलं होतं. शेंदूर आणि जवसाचं तेल कालवून पाण्याच्या सांध्यांना चालतं, ते त्यानं केलंही. पण धुराच्या तोंडाला शेंदूर चार मिनिटांत जळून जातो. तिथं एकच गोष्ट चालली असती. तांब्याचा पत्रा. वीस इंच लांब, सपाट, पातळ.

लग्नाला तीन दिवस राहिले होते. तोताराम घरी जेवायला बसला आणि त्याची नजर फळीवर गेली. तिथं परात होती. तांब्याची, दोन फुटांची, इंदिराबाईला माहेरहून आलेली. सणावारीच खाली उतरायची.

त्यानं नजर खाली केली. भाकरी संपवली. पुन्हा नजर वर गेली.

दुसऱ्या दिवशी इंदिराबाई लग्नघरी पापड लाटायला गेली, तेव्हा परात सायकलवर बसून नदीवर गेली. तोतारामनं तिचं बूड कापलं, चार भोकं पाडली, लाल होईपर्यंत तापवलं आणि पाण्यात बुडवलं. लोखंड असं केलं तर कडक होतं, तांबं उलट मऊ पडतं. मग दोन्ही बाजूंना शिसाच्या पेन्सिली कुटून केलेली पूड तेलातून बोटानं फासली. परातीचा काठ तेवढा उरला होता, तो त्यानं नावेतल्या दोरखंडाखाली लपवला.

पत्रा बसला, मनफोल बसला. नट आवळताना तो एका टोकापासून दुसऱ्याकडं गेला नाही. आधी मधले, मग कडेचे, एक इकडचा एक तिकडचा, थोडे थोडे. "एकदम आवळलं की बीड चिडतं," तो वनाला म्हणाला. इंजिनात शिरलेलं पाणी त्यानं आधीच काढून नळकांडी पुसून तेल घातलं होतं. नाव पाण्यात ढकलून वनानं हँडल मारल्यावर भकभकी तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. घाटावर झुंबरबाईनं हात जोडले.

"झालं," वना म्हणाला.

"अर्धं झालं. तापल्यावर तांबं दबतं, नट सैल पडतात. पुरतं तापलेलं असतानाच पुन्हा आवळायचे. काठाला बांधून तेवढं तापत नाही. ओझं घेऊन नदीत चालली पाहिजे, म्हणजे वऱ्हाड घेऊनच." त्यानं पाना वनापुढं धरला. "ते तू करशील, वना. मी दाखवून देतो."

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड गाड्या जुंपून घाटावर आलं. मुंडावळ्या बांधलेला कौतिक, वाजंत्री, पोरंबाळं, आणि सगळ्यांच्या पुढं इंदिराबाई. ती सरळ नवऱ्यापाशी आली.

"मनी परात कोठे शे?"

"परात?" तोताराम म्हणाला.

"आहेराले काढी ठेवानी होती. काल धरी शोधी राहिनू."

"आहे. कामात आहे."

"कसाना काममां?"

तोतारामनं हातातला पाना पुसायला घेतला. वना साधा माणूस, नवराबायकोतलं त्याला काय कळणार. त्यानं इंजिनाकडं बोट केलं. "काकू, ती काय. धुरनी नळीखाल."

इंदिराबाई वाकली. काळ्या मनफोलच्या कडेनं तांब्याची एक बारीक लालसर रेघ चमकत होती. तिनं ती बराच वेळ न्याहाळली. वऱ्हाडातल्या बायका माना उंचावून बघत होत्या. ओरडा होणार म्हणून वाजंत्रीवाल्यांनी सनई तोंडातून काढली.

"बठ्ठी?" सगळीच का, असं तिनं विचारलं.

"काठ उरलाय," तोताराम म्हणाला.

इंदिराबाईनं पदर खोचला. "चाला, बठ्ठा बसा नावमां," ती वऱ्हाडाला म्हणाली. "मना बापनी परात नदी कशी वलांडस, ते मी देखस." आणि ती इंजिनाशेजारच्या फळीवर जाऊन बसली. तिथून वळून नवऱ्याला म्हणाली, "आनि तुम्ही? काठवर काय पहारा करतस?"

साठ माणसं, झुंबरबाई, नवरदेव, सगळे त्याच्याकडं पाहत होते. तोतारामनं पाना घट्ट धरला, डोळे अर्धे मिटले आणि नावेत पाय टाकला. नाव डुलली. तो खाली बसला तो इंजिनाला धरूनच.

भकभकी निघाली. मधल्या धारेपर्यंत ठीक चाललं. मग मागच्या नळकांड्यापाशी फुस्स फुस्स असा आवाज सुरू झाला आणि धुराची एक पिचकारी बायकांकडं वळली. वना सुकाणू सोडू शकत नव्हता.

तोताराम उठला. मनफोल तापून त्याच्यावरून झळा निघत होत्या, खाली पाणी सळसळत होतं. पाना लावायला कठड्यावरून अर्धं अंग बाहेर काढावं लागणार होतं. तो क्षणभर तसाच थांबला. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या धोतराचा कासोटा मुठीत धरला.

"मी धरेल शे," इंदिराबाई म्हणाली. "आवळा."

तो वाकला. मधला नट, मग कडेचा. मनगट भाजलं, तोंडातून शिवी निघाली, नवरदेव हसला. आणखी एक इकडचा, एक तिकडचा. शेवटचा पाव फेरा दिला आणि फुसफुस थांबली. धूर मागं वळला, इंजिन एका लयीत बोलायला लागलं. सनईवाल्यानं आपण होऊन सूर धरला. तोताराम फळीवर बसला तेव्हा त्याला कळलं की इतका वेळ आपण पाण्याकडं बघत होतो आणि काही झालं नाही.

मुहूर्ताच्या आधी तासभर वऱ्हाड सातवडला लागलं. मांडवात इंदिराबाईनं परातीची गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगितली. दर वेळी परात थोडी मोठी होत गेली. झुंबरबाईनं पुढच्या संक्रांतीला तिला नवी परात दिली, पण ती पितळेची होती म्हणून इंदिराबाईनं नाक मुरडलं आणि रोजच्या वापराला काढली.

तोताराम आणि जीवरामची मात्र जोडी जमली. लढाई चालू होती तोवर तालुक्यातल्या कितीतरी इंजिनांचे मोडके भाग त्या दोघांनी मिळून उभे केले. एकानं मापं घ्यायची, दुसऱ्यानं आटणं धरायचं. गिरण्यांचे, पंपांचे, एकदा तर सिनेमाच्या तंबूतल्या इंजिनाचेही. १९४६ च्या पावसाळ्यानंतर जीवरामनं त्याला जळगावलाच बोलावून घेतलं, कारखान्यात फिटरचं काम बघायला. जिनाच्या मालकानं पुष्कळ अडवलं, पण तोताराम गेला. दाणाबाजाराच्या मागं दोन खोल्या घेतल्या. इंदिराबाईला दारातच नळ मिळाला. पहिले आठ दिवस तिनं तो उगाच सोडून आणि बंद करून पाहिला. तोताराम सकाळी कारखान्यात गेला की आधी ओतकामाच्या शेडमध्ये उभा राहायचा, वाळूच्या ठशात बीड ओतताना बघत. मग आपल्या बाकावर येऊन कानस उचलायचा.